ट्रेलरच्या छतातला पंखा दर पावसाळ्यात बंद पडतो : छतातील वायरिंग तपासण्याची आणि नव्याने टाकण्याची पद्धत

ट्रॅव्हल ट्रेलरच्या छतात बसवलेला १२ व्होल्टचा व्हेंट फॅन डिसेंबर-जानेवारीत विनातक्रार फिरतो, मृग लागला की अडखळू लागतो आणि चवथीपर्यंत एक तर अगदी मंद होतो किंवा अधूनमधून आपोआप बंद पडतो, ही गोव्यात ट्रेलर बाळगणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. फ्यूज बदलला की चार दिवस बरे जातात, पंखाच नवा आणला तर एखादा हंगाम निभावतो, आणि पुढच्या पावसात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुरुस्तीनंतरही तोच दोष परत येत असेल, तर तो पंख्यात क्वचितच असतो. बॅटरीपासून पंख्यापर्यंत गेलेली वायर छतातून ज्या वाटेने नेली आहे, त्या वाटेवर कुठेतरी पाणी, पत्र्याची धार किंवा थर्माकोल तिला गाठत असते. ती जागा शोधणे आणि वायर तिथून हलवणे, हाच यावरचा टिकाऊ उपाय होय.

छताला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र वगळून घ्याव्यात. अनेक पंख्यांमध्ये झाकण ठरावीक उंचीपर्यंत उघडल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये यासाठी एक लहान स्विच असतो, आणि झाकणाची दांडी गंजून झाकण पुरते वर गेले नाही तर सारे काही ठीक असूनही पंखा फिरत नाही. दुसरे म्हणजे काही मॉडेलमध्ये पावसाचा सेन्सर असतो. त्यावर पाणी पडले की झाकण मिटते आणि पंखा थांबतो. हरमल किंवा पाळोळे भागात किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या ट्रेलरच्या सेन्सरवर मिठाचा पातळ थर बसतो, तो रात्रीच्या दमट हवेत ओला होतो आणि आकाश निरभ्र असतानाही सेन्सरला पाऊस पडल्याचा भास होतो. गोड्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने सेन्सर पुसून कोरडा केल्यावर पंखा रात्रभर चालला, तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही.

यानंतरची सर्वांत उपयोगी खूण अशी : ट्रेलरला घरची वीज जोडलेली असताना पंखा जोमाने फिरतो, आणि वीज काढून तो बॅटरीवर आला की मलूल होतो किंवा थांबतो. पुष्कळ जण यावरून बॅटरी खराब झाल्याचा निष्कर्ष काढतात आणि नवी बॅटरी घेऊन येतात. वास्तविक चार्जर चालू असताना १२ व्होल्टच्या जोडणीत १३.६ ते १४.४ व्होल्टपर्यंत दाब असतो, तर पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.७ व्होल्ट आणि निम्मी उतरलेली सुमारे १२.१ व्होल्ट देते. वायरमध्ये दीडेक व्होल्ट वाया जात असेल, तर चार्जरचा जादा दाब ते नुकसान झाकून टाकतो आणि बॅटरीवर ते उघडे पडते. बॅटरी बदलण्याआधी मल्टीमीटर हातात घेणे स्वस्त पडते.

हे मोजमाप पंखा चालू असताना, आणि तोही सर्वाधिक वेगावर असतानाच करावे. पंखा बंद ठेवून त्याच्या टोकांवर मीटर लावले, तर वायरच्या पंचवीस-तीस तारांपैकी एकच शाबूत असली तरीही मीटर पूर्ण १२.६ दाखवेल, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. ‘व्होल्टेज तर बरोबर येतंय, पंखाच गेलाय’ असे सांगून गॅरेजमधून ट्रेलर परत येतो, त्यामागे बहुधा हीच बिनभाराची मोजणी असते. पंख्याच्या आतली सजावटीची चौकट चार-सहा स्क्रू काढून उतरवावी, पंखा पूर्ण वेगावर ठेवावा, त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज पाहावे आणि लगेच बॅटरीच्या दोन टोकांमधले पाहावे. या दोहोंतील फरक म्हणजे वाटेत वाया गेलेला दाब. तो १२ व्होल्टच्या तीन टक्क्यांच्या, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग उत्तम समजावे. एका व्होल्टच्या वर असेल तर दोष सापडल्यात जमा आहे.

आता तो फरक धनबाजूच्या वायरमध्ये आहे की ऋणबाजूच्या, हे वेगळे करून पाहावे. त्यासाठी पाच-सहा मीटरचा कोणताही वायरचा तुकडा मीटरच्या एका टोकाला जोडून वाढवून घ्यावा. पंखा चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या धनाग्रावर आणि दुसरे पंख्याच्या धन वायरीवर टेकवले की मीटर जे दाखवते, ते त्या एका वायरीतले नुकसान होय. हेच ऋणबाजूने करावे. दोन्हीकडे सारखाच आणि मोठा आकडा आला, तर वायर मुळातच बारीक आहे. एकाच बाजूला जास्त आला, तर त्या बाजूला कुठेतरी सांधा, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे टोक) किंवा चासिसची जोडणी कुजलेली आहे. माझ्या मते या एका चाचणीने जेवढा वेळ वाचतो तेवढा दुसऱ्या कशानेही वाचत नाही, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

वायर बारीक असणे म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिलेले बरे. पंखा पूर्ण वेगात ४ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची वाट ५ मीटर आहे असे धरले, तर जाणारी आणि येणारी मिळून १० मीटर वायर होते. तांब्याची लवचिक पाऊण एमएमची (म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाची) वायर असेल तर या अंतरात साधारण १.०४ व्होल्ट जातात, दीडच्या वायरीत ०.५३ आणि अडीचच्या वायरीत ०.३२. दिव्यासाठी टाकलेली पाऊणची वायर पंख्याला जोडून देण्याची पद्धत सर्रास आढळते. एलईडी दिव्याला तो तोटा जाणवत नाही, मोटरला जाणवतो. ५ मीटरच्या वाटेला अडीचची वायर घ्यावी. ट्रेलर लांब असेल आणि बॅटरी पुढच्या दांड्याजवळ असून पंखा मागच्या बिछान्यावर असेल, तर चारची घ्यावी लागते.

तक्रार मंद पंख्याची नसून वारंवार फ्यूज जाण्याची असेल, तर मार्ग वेगळा आहे. त्यावर मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. पंख्याच्या पुस्तिकेत ५ अँपिअरचा सांगितला असता १५ अँपिअरचा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी छतातली वायर तापते, आणि ती थर्माकोल व प्लायच्या मधोमध असते. पंखा वायरीपासून सोडवावा, फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब वायरीने जोडावा. वायर शाबूत असेल तर बल्ब अंधारा राहतो. तो पेटला, तर छतात कुठेतरी वायर सांगाड्याला किंवा दुसऱ्या वायरीला चिकटलेली आहे. बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे धोका न पत्करता शांतपणे शोध घेता येतो. एकाने बल्बकडे पाहावे आणि दुसऱ्याने वायरीच्या वाटेने छतावर खालून मुठीने हलके ठोके देत जावे. ज्या ठोक्याला बल्ब लुकलुकेल, तिथे एक तर प्लायचा स्क्रू वायरीतून आरपार गेलेला असतो किंवा पत्र्याच्या वाशाच्या धारेवर वायर घासून उघडी पडलेली असते. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून आल्यावरच फ्यूज जात असेल, तर दुसरी शक्यता आधी धरावी.

हे सारे पावसाळ्यातच का व्हावे, याचे उत्तर केवळ छत गळते हे नाही. मिठाचा एक गुण असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळते. किनाऱ्यावरच्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ कोरड्या दिवसांत सांध्यावर पांढऱ्या भुकटीसारखे पडून राहते आणि फारसे काही करत नाही; जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र गोव्यातील हवा त्या मर्यादेच्या वरच असते, आणि मग पावसाचा थेंबही आत न येता त्या भुकटीचे खारे पाणी होते. उघड्या तांब्यावर ते पाणी आणि त्यातून वाहणारा डीसी करंट, हे दोन्ही एकत्र आले की तार फार काळ टिकत नाही. वाळपई-सांगेकडे मिठाचा त्रास कमी, पण पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त, आणि कुळागरात उभ्या केलेल्या ट्रेलरच्या छतावर पोफळीची पाने व पाला साचून पंख्याच्या कडेला पाणी तुंबते, म्हणजे तिथेही सुटका नाही.

एसी लावणाऱ्यांसाठी आणखी एक कारण असते. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतो. आत २२ अंशांवर एसी लावला की छताच्या प्लायची वरची बाजू दवबिंदूहून थंड होते, बाहेरची दमट हवा पंख्याच्या चौकटीच्या फटीतून छताच्या पोकळीत शिरते आणि प्लायच्या पाठीवर दव धरते. अशा ट्रेलरच्या छताला सकाळी डाग दिसतात आणि मालक छत गळतेय म्हणून सीलंटवर सीलंट चढवत राहतो. डाग पंख्याभोवती न पडता एसीच्या झोतासमोर पडत असतील, तर ते पाणी पावसाचे नसते.

छत उघडल्यावर सर्वाधिक वेळा दिसते ते असे. पंख्याच्या चौकटीपासून हातभर अंतरावर, बोटे जेमतेम पोहोचतील अशा जागी, दोन वायरी एकमेकींना पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली असते. छताच्या उन्हाने टेपचा गोंद पातळ होऊन टेप सैल पडलेली असते. बोटाने ओढताच ती वेटोळ्यासकट निसटून हातात येते. आत तांब्याच्या तारा हिरव्या झालेल्या असतात, आणि वायरीचे प्लास्टिक दोन-तीन इंच मागे सोलून पाहिले तर आतल्या तारा तिथेही काळ्या पडलेल्या दिसतात, कारण पाणी तारांच्या फटींमधून आत चढत जाते. अशा वायरीचा फक्त सांधा बदलून उपयोग नाही. चकचकीत लाल तांबे दिसेपर्यंत ती मागे कापावी, आणि एवढी लांबी उरत नसेल तर पूर्ण वायर बदलावी. ऋण वायर वाचवण्यासाठी जवळच्या लोखंडी वाशाला स्क्रूने टोक आवळले असेल, तर तो स्क्रू गंजलेला असणार हे गृहीत धरून चालावे. ऋणबाजूलाही स्वतंत्र वायर बॅटरीपर्यंत नेणे, यात गोव्याच्या हवेत काटकसर करू नये.

थर्माकोलची गोष्ट मात्र फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. आपल्याकडे बाजारात मिळणारी घरगुती वायर, जिच्यावर आयएस ६९४ असे छापलेले असते, तिचे आवरण पीव्हीसीचे असते. एफआर आणि एफआरएलएस या नावांनी मिळणारी वायरही पीव्हीसीचीच. पीव्हीसी मुळात कडक असते, ते लवचिक राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. अशी वायर पॉलिस्टायरीनला, म्हणजे थर्माकोलला किंवा निळ्या-गुलाबी रंगाच्या एक्सपीएस तक्त्यांना टेकून राहिली, तर ते द्रव्य हळूहळू वायरीतून थर्माकोलमध्ये उतरते. थर्माकोल वायरीभोवती वितळल्यासारखा खचतो आणि चिकट होतो, तर वायरीचे आवरण ठिसूळ होते. ही क्रिया उष्णतेने वेगाने होते, आणि एप्रिल-मे महिन्यातले ट्रेलरचे छत तिला पुरेशी उष्णता देते. मग एखाद्या खड्ड्यात ट्रेलर आदळला की ठिसूळ आवरणाला तडा जातो आणि पावसाळ्यात त्या तड्यातून ओल आत जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे : वायर बाहेर काढून बोटावर वळवावी, ती कडक वाटली, वळणावर चिरली किंवा तिला थर्माकोलचे कण चिकटून आले, तर कारण हेच. पिवळसर पीयू फोमने मात्र वायरीला असा त्रास होत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, आवरण पीव्हीसीचे नसलेली, एक्सएलपीई (एक प्रकारचे पॉलिथिन) किंवा हॅलोजन-मुक्त वायर वापरणे. दोन, वायर पाइपातून नेणे, ज्यामुळे तिचा थर्माकोलशी संबंधच येत नाही. इथे एक खोच आहे : इलेक्ट्रिकलच्या दुकानात ‘फ्लेक्सिबल पाइप’ म्हणून मिळणारी खाचांची नळी बहुधा मऊ पीव्हीसीचीच असते आणि तीही थर्माकोलला तोच त्रास देते. म्हणून नळी पॉलिथिनची किंवा नायलॉनची मागावी, अन्यथा कडक पीव्हीसीचा सरळ पाइप घ्यावा. शक्य तिथे वायर आणि पाइप दोन्ही योग्य तेच घ्यावेत, कारण छत पुन्हा उघडण्याच्या मजुरीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

नवी वायर टाकताना बहुतेकांची पहिली कल्पना अशी असते की पंख्यापासून सरळ पुढे, ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने, छतातूनच बॅटरीकडे जावे. तिथेच काम अडते. छताचे वासे सहसा आडवे, म्हणजे डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत असतात. लांबीच्या दिशेने जाताना प्रत्येक वासा आडवा येतो आणि प्रत्येकात भोक पाडावे लागते, जे खालून प्लाय न काढता जमत नाही. त्याऐवजी पंख्याच्या चौकटीतून वायर वाशाला समांतर, त्याच खणातून (दोन वाशांमधल्या पोकळीतून) आडवी भिंतीपर्यंत न्यावी. तिथे भिंतीला लागून असलेल्या वरच्या कपाटात ती उतरवावी, आणि लांबीचा प्रवास कपाटांच्या आतल्या कोपऱ्यातून करावा. छतातले अंतर अशाने मीटरभरावर येते, एकही वासा भेदावा लागत नाही, आणि बाकीची सगळी वायर कपाटाचे दार उघडले की डोळ्यांसमोर असते. वाट एक-दोन मीटर वाढते. त्यासाठी वायर एक माप जाड घ्यावी.

पंख्याचे प्रचलित भोक १४ इंच चौरस, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटरचे असते, आणि आतली चौकट काढल्यावर त्याच्या चारही कडांतून छताची पोकळी टॉर्चने पाहता येते. वासे लोखंडी असतील तर खालून छतावर एक लहान पण जोरकस चुंबक सरकवून त्यांची आणि स्क्रूंची जागा खडूने आखून घ्यावी. वासे ॲल्युमिनियमचे असतील तर चुंबक केवळ स्क्रू दाखवेल, तेही पुरेसे आहे, कारण स्क्रू वाशातच मारलेले असतात. मग कपाटाच्या आत, छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात, त्याच खणात भोक पाडावे. भोक पाडताना ड्रिलच्या पात्याला टेपचा तुकडा गुंडाळून खोलीची खूण करावी. वरचा पत्रा किंवा फायबर फक्त तीन-चार सेंटिमीटरवर असतो आणि पाते तिथपर्यंत गेले तर पंख्याचा प्रश्न बाजूला राहून गळतीचा सुरू होतो. इलेक्ट्रिशियन ज्याला स्प्रिंग म्हणतात ती पट्टी पंख्याच्या बाजूने आत सारावी, ती कपाटातून बाहेर आली की तिला पाइप बांधून मागे ओढावा. पुढे कधी वायर ओढावी लागली तर उपयोगी पडेल म्हणून पाइपातून वायरीसोबत एक नायलॉनची दोरी ओढून तशीच ठेवावी.

छत सँडविच पद्धतीचे, म्हणजे पत्रा, फोम आणि प्लाय एकमेकांना चिकटवलेले असेल, तर पोकळीच नसते आणि स्प्रिंग वीतभरही जात नाही. अशा वेळी धार लावलेली बारीक लोखंडी नळी हाताने फिरवत फोममधून नेता येते, पण दिशा थोडी चुकली की ती प्लायमधून खाली डोकावते. तापवलेल्या सळईने फोम वितळवून वाट काढण्याचा प्रकार मुळीच करू नये. पॉलिस्टायरीन पेट घेते आणि त्याचा धूर बंद जागेत घातक असतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर सँडविच छताला पट्टी फिटिंगसारखा दुसरा पर्याय नाही. छताच्या रंगाची अरुंद पट्टी पंख्यापासून कपाटापर्यंत आडवी चिकटवली की ती दिसते खरी, पण पुढची अनेक वर्षे तिच्याविषयी काही करावे लागत नाही. दिसू नये म्हणून शेजारच्या एलईडी दिव्याच्या वायरीवर पंखा जोडून घेण्याचा मोह टाळावा, त्याचे परिणाम वर आलेच आहेत.

वायर शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली, भांड्याला कल्हई करतात तशी रुपेरी दिसणारी घ्यावी. बोटींच्या वायरिंगमध्ये ती वापरतात. छताच्या आत एकही सांधा नसावा, हा नियम कोणत्याही सबबीवर मोडू नये. पंख्याजवळचा सांधा चौकटीच्या आत, हाताला येईल अशा जागी घ्यावा, तो दाबून बसवलेल्या लगने करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवावी. सांध्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि सांध्यापर्यंत जात नाही. वायर जिथे पत्र्यातून किंवा प्लायमधून जाते तिथे भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारी रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, हवाच. धनबाजूचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असावा, पंख्याजवळ नव्हे, कारण फ्यूजचे काम मधली वायर वाचवणे हे आहे. २३० व्होल्टची वायर याच पाइपातून कधीही नेऊ नये. धन-ऋण उलटे जोडले गेले तर साधा पंखा उलटा फिरतो, पण इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या पंख्याचा बोर्ड जळू शकतो, म्हणून शेवटची जोडणी करण्यापूर्वी मीटरने खात्री करावी.

बाहेरच्या बाजूने चौकटीखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) आणि स्क्रूंवर छताच्या सामग्रीला चालणारे सीलंट, एवढे पुरे. जुने सिलिकॉन असेल तर ते पूर्ण खरवडून काढावे, त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही.

आतली चौकट लावण्याआधी पंखा पूर्ण वेगावर चालवून दोन्ही बाजूंचे व्होल्टेजचे नुकसान पुन्हा मोजावे आणि ते आकडे, तारखेसह, चौकटीच्या मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवावेत. पुढच्या मृगाला तुलना करायला हाच आधार असतो. मग पंखा बंद करून झाकण मिटावे, बागेच्या नळीने छतावर पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडावे आणि चौकटीच्या कडा टॉर्चने पाहाव्यात. सारे कोरडे असेल तर चौकट बसवावी, मात्र तिचे स्क्रू मारताना आता त्या खणातून पाइप गेलेला आहे हे ध्यानात ठेवून त्या बाजूचे स्क्रू प्लायच्या जाडीपेक्षा किंचितच लांब असलेले घ्यावेत.